भाऊबंद, भिडू आणि जोड

एखाद्या समाजाचा स्वभाव ओळखावयाचा असेल तर त्याचीं स्तोत्रें आणि त्याचे कायदे चाळण्यापूर्वीं, त्यानें आपल्यासमोर उभ्या ठाकणाऱ्या माणसाला कोणतीं नांवें दिलीं आहेत तें पाहावें. देवाला किंवा राजाला नांव देतांना मनुष्य सावध असतो. आपल्याबरोबर एकाच वस्तूसाठीं हात पुढें करणाऱ्याला नांव देतांना तो तितका सावध नसतो, आणि म्हणूनच त्या नांवांत मनांतली खरी गोष्ट उमटून जाते. मराठींत अशीं नांवें थोडींथोडकीं नाहींत. प्रतिस्पर्धी, प्रतिपक्षी, प्रतिवादी, वैरी, दुश्मन, गनीम, दावेदार, भाऊबंद, सवत, जोड अशी ही यादी कितीहि लांबवितां येईल. यांतील पुष्कळ शब्द कोशांत एकमेकांचे पर्याय म्हणून शेजारीं शेजारीं बसलेले असतात. परंतु ते पर्याय नव्हेत. प्रत्येकाचें कूळ निराळें, प्रत्येकामागची हकीकत निराळी, आणि मुख्य म्हणजे शब्द बदलला कीं समोरच्या माणसाकडे पाहण्याची आपली दृष्टीहि बदलते. त्या कुळांचा थोडासा शोध प्रस्तुत लेखांत घ्यावयाचा आहे. हा शोध केवळ भाषापंडितांच्या करमणुकीचा नाहीं. ज्या घरांत चार भावांचीं मुलें एका पंक्तीला जेवतात, त्या घराशीं त्याचा फार जवळचा संबंध आहे.

रक्ताच्या नात्यांतले शब्द

संस्कृतांत ‘भ्रातृव्य’ असा एक शब्द आहे. त्याचा सरळ अर्थ भावाचा मुलगा, म्हणजे पुतण्या. आणि बापाचा पुतण्या तो आपला चुलतभाऊ, म्हणून चुलतभाऊ असाहि. परंतु अथर्ववेदांत आणि ब्राह्मणग्रंथांत हा शब्द वाचतांना नातें आठवून भागत नाहीं. तेथें भ्रातृव्य म्हणजे वैरी. अमुक विधि केला असतां यजमान आपल्या भ्रातृव्यावर मात करतो, अशा अर्थाचीं विधानें ब्राह्मणग्रंथांत जागोजाग भेटतात. पाणिनीनें या दोन्ही अर्थांची नोंद अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायांत लागोपाठच्या दोन सूत्रांत केली आहे. पहिल्या सूत्रानें पुतण्या सिद्ध होतो, दुसऱ्यानें शत्रु. दोन्ही ठिकाणीं अक्षरें तींच आणि रूपहि तेंच. प्रत्ययाला जोडलेलें खुणेचें अक्षर तेवढें बदलतें, आणि त्यामुळें उच्चारांतील स्वर बदलतो. पुतण्या म्हणावयाचा असेल तर स्वर शब्दाच्या शेवटीं, वैरी म्हणावयाचा असेल तर आरंभीं. आप्त आणि वैरी यांत भाषेनें ठेवलेलें अंतर तें एवढेंच! पुढें लौकिक संस्कृतांतून हे स्वर लोपले, तेव्हां तेंहि अंतर उरलें नाहीं.

हा अर्थ असा कां फिरला हें समजावयास मोठी विद्वत्ता नको. ज्याच्याशीं आपलें कांहींच समाईक नाहीं त्याच्याशीं आपली चढाओढहि नसते. दूरच्या गांवच्या धनिकाचा वाडा पाहून कोणाची झोप उडत नाहीं. चुलत्याच्या माडीला एक खण वाढला म्हणजे मात्र उडते. बृहदारण्यक उपनिषदांत देव आणि असुर एकमेकांशीं स्पर्धा करूं लागल्याची कथा आहे, आणि ते दोघेहि एकाच प्रजापतीचीं लेंकरें होत हें तेथें आरंभींच सांगून टाकलें आहे. महाभारताचें युद्ध परक्यांशीं झालें नाहीं. आपल्या इतिहासांत यावें तर ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि त्या प्रकरणीं ज्यांच्याकडे बोट दाखविलें गेलें ते रघुनाथराव त्यांचे सख्खे चुलते होते. पाणिनीच्या पहिल्या सूत्राप्रमाणें नारायणराव हे रघुनाथरावांचे भ्रातृव्य होतेच. दुर्दैवानें दुसऱ्या सूत्राप्रमाणेंहि ठरले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनीं या कथेवर १९०९ सालीं नाटक रचलें, तेव्हां त्याला ‘भाऊबंदकी’ याहून नेमकें नांव सांपडलें नसतें.

भाऊबंदकी हा शब्द तरी पाहा. भाऊ आणि बंधु हे एकाच अर्थाचे दोन शब्द; प्रेम कमी पडूं नये म्हणून जणूं एकावर दुसरा चढविलेला. या न्यायानें भाऊबंदकी म्हणजे दुप्पट बंधुभाव व्हावा. परंतु मराठी माणसाला तो शब्द ऐकून आठवतात ते शेताचे बांध, मोजणीच्या खुणा, कोर्टाच्या तारखा आणि एका अंगणांत मधोमध घातलेली भिंत. दाय म्हणजे वडिलोपार्जित धनाचा वाटा आणि तो घेणारा दायाद, हा शब्दहि दक्षिणेंत याच वाटेनें गेला. कानडींत भावकींतल्या हेव्याला ‘दायादि मत्सर’ म्हणतात, आणि तेलुगु वृत्तपत्रें पाकिस्तानाचा उल्लेख आजहि ‘दायादि’ देश असा करतात. १९४७ सालीं वांटणी होऊन वेगळा निघालेला तो भाऊबंद, हा सगळा इतिहास त्या तीन अक्षरांत येऊन गेला.

या ठिकाणीं धर्मशास्त्राची एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेप्रमाणें वडिलोपार्जित मिळकतींत मुलाला जन्मतःच हक्क प्राप्त होतो. म्हणजे बारशाच्या दिवशीं पाळण्यांत निजलेलें बालक हें घरचें कौतुक असतें आणि त्याच वेळीं घरचा एक वाटेकरीहि असतें. महाराष्ट्रांत १९९४ सालच्या आणि सबंध देशांत २००५ सालच्या दुरुस्तीनें मुलींनाहि हा जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि तो मिळणें न्याय्यच होतें. भाऊबीजेला जिच्या ताटांत ओवाळणी घालून भाऊ निश्चिंत होत असे, ती बहीण आतां कायद्याच्या भाषेंत सहदायाद झाली आहे. तिला त्या नात्यानें घरच्या विचारविनिमयांत आसन मिळतें, कीं हक्कसोडपत्रावर सही करण्यापुरतें तिला बोलावणें जातें, यावर या नव्या दायादीचें फळ अवलंबून राहील. आसन मिळालें तर दायाद हा शब्द आपल्या मूळच्या निर्मळ अर्थाला परत येईल. न मिळालें तर भ्रातृव्याच्या जोडीला बहिणीसाठींहि तसाच एखादा शब्द घडवावा लागेल.

स्त्रियांच्या वाट्याला आलेला शब्द याहून कठोर आहे. जिचा पति समान ती सपत्नी. प्राकृतांतून उतरत ती मराठींत सवत झाली. सावत्र हा शब्द त्याच कुळांतला. संस्कृतांत या सपत्नीवरून ‘सपत्न’ असा पुल्लिंगी शब्द तयार झाला आणि त्याचा अर्थ शत्रु असा रूढ झाला. म्हणजे स्त्रियांच्या दुःखाचें नांव पुरुषांनीं आपल्या लढायांसाठीं उसनें घेतलें. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत सवतीचें बळ नष्ट व्हावें म्हणून रचलेलीं सूक्तें आहेत, आणि त्याच मंडलांत सपत्नांचा पाडाव मागणारें सूक्तहि आहे. हिब्रू भाषेंत तर सवत आणि संकट या दोहोंना एकच शब्द आहे. मुंबई प्रांतांत १९४६ सालीं, आणि पुढें १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें सर्व देशांत, हिंदूंमध्यें पहिली बायको असतांना दुसरी करणें बेकायदा ठरलें. सवत कायद्यानें गेली. परंतु शब्द गेला नाहीं. एखाद्या जिल्ह्याला निधि कमी मिळाला कीं सापत्न वागणुकीची तक्रार होते, ती याच शब्दाच्या आधारानें.

सवतींच्या बाबतींत विचार करण्यासारखी गोष्ट ही, कीं त्यांच्या स्पर्धेचा आरंभ त्यांपैकीं कोणीच केलेला नसे. तिसऱ्याच कोणी तरी त्यांना एकमेकींसमोर उभें केलेलें असे, आणि मग त्यांच्या भांडणाचें खापर मात्र स्त्रीस्वभावावर फुटे. जाऊ हा शब्द संस्कृत ‘यातृ’ यापासून आलेला. भावाभावांच्या बायका, एवढाच त्याचा निरुपद्रवी अर्थ. तरी जावांच्या पाठीशीं हेवादावा कां लागला? एकीच्या हाताची चव दुसरीच्या देखत वाखाणावयाची, एकीच्या माहेरचा आहेर दुसरीच्या आहेराशेजारीं मांडून पाहावयाचा, एकीच्या पगाराचा उल्लेख दुसरीच्या कानांवर जाईल अशा बेतानें करावयाचा, हे उद्योग वडीलधाऱ्यांनीं चालविले म्हणजे यातृ सपत्नी होतात. घरांत दोन सुना आल्या होत्या, त्यांच्या सवती बाहेरून कोणी केल्या नाहींत.

पाण्याच्या कांठचे शब्द

इंग्रजींत प्रतिस्पर्ध्याला ‘रायव्हल’ म्हणतात. या शब्दाचें मूळ लॅटिन ‘रीवुस’ म्हणजे ओढा किंवा पाट. एकाच पाटाचें पाणी आपापल्या शेताला घेणारे ते ‘रीवालेस’; रोमन कायद्याच्या ग्रंथांत पाण्याच्या तंट्यांच्या प्रकरणीं या शब्दाची हीच व्याख्या दिलेली आहे. पाणी एकाचें नाहीं आणि दुसऱ्याचेंहि नाहीं. उन्हाळ्यांत तें पुरत नाहीं. वरच्यानें बारें जास्त वेळ उघडें ठेवलें तर खालच्याचें पीक वाळतें. एवढ्या गोष्टी एकत्र आल्या म्हणजे शेजाऱ्याचा प्रतिस्पर्धी होण्यास वेळ लागत नाहीं. हें आपल्याला समजावून सांगावयास रोमन शेतकरी कशाला पाहिजे? कृष्णेच्या पाण्यासाठीं महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांच्यामध्यें १९६९ सालीं लवाद नेमावा लागला. त्या शब्दाच्या अगदीं मूळ अर्थानें हीं राज्यें एकमेकांचीं ‘रायव्हल’ होत.

परंतु त्याच पाटाची दुसरी बाजू आहे. पाट फुटला तर तो बुजविण्यास सगळ्यांनाच धांवावें लागतें. गाळ सर्वांनीं मिळूनच काढावा लागतो. धुळें आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम वगैरे नद्यांवर फडपद्धतीची जी जुनी व्यवस्था चालत आली, तींत बंधारा एक, पाट एक, आणि पाण्याची पाळी गांवानें ठरवावयाची. पाळी ठरली कीं वैर मिटतें असें नाहीं. पण त्याला मर्यादा पडते. म्हणूनच जुन्या इंग्रजींत रायव्हल याचा अर्थ सोबती असाहि होता. शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाच्या पहिल्याच प्रवेशांत पहारेकरी आपल्याबरोबर पहारा करणाऱ्यांना हाच शब्द लावतो, आणि तेथें त्यांत वैराचा लवलेशहि नाहीं. अरबींतून आलेल्या ‘हरीफ’ शब्दाची गति अशीच झाली. मुळांत तो एकाच धंद्यांतला माणूस. फारसींत तो सोबतीहि झाला आणि प्रतिस्पर्धीहि. आणि गुजराथींत आज हरीफ म्हणजे प्रतिस्पर्धी, हरीफाई म्हणजे स्पर्धा. इंग्रजी ‘काँपिटिटर’ याची फोड केली तर ‘बरोबर मिळून मागणारा’ एवढाच अर्थ निघतो. सोबती आणि प्रतिस्पर्धी हीं एकाच माणसाचीं दोन नांवें होत, असें लॅटिन, फारसी आणि संस्कृत या तिन्ही भाषांनीं आपापल्या परीनें सांगून ठेवलें आहे.

‘दावा’ हा शब्दहि येथेंच घ्यावयास हवा. अरबींत त्याचा अर्थ मागणी, हक्क सांगणें. तो आपल्या कोर्टांत आला तेव्हां फिर्याद झाला, आणि घराघरांत शिरला तेव्हां वैर झाला. दावा लावणें आणि दावा साधणें यांतील अंतर आपण सर्व जाणतों. जुन्या मराठींत दावेदार म्हणजे हाडवैरी. आजच्या वृत्तपत्रांत मात्र तो पुन्हां सन्मानानें वावरूं लागला आहे, आणि चषकाचा प्रबळ दावेदार म्हटल्यानें कोणत्याहि खेळाडूला राग येत नाहीं.

याउलट जे शब्द खरोखरीच परक्या शत्रूसाठीं आले त्यांचा चेहरा निराळा आहे. गनीम याच्या मुळाशीं अरबींतली लूट आहे. मोगल मराठ्यांना गनीम म्हणत आणि मराठे मोगलांना. दुश्मन हा फारसी शब्द आपल्या ‘दुर्मनस्’चा सख्खा भाऊ, ज्याचें मन वाईट तो दुश्मन. या शब्दांत समाईक असें कांहीं नाहीं. लुटणारा आणि दुष्ट मनाचा, एवढें म्हटलें कीं त्याच्याशीं आपलें नातें संपलें. स्पर्धेचे शब्द आणि शत्रुत्वाचे शब्द यांच्यामधली ही रेघ स्पष्ट आहे. घरच्या माणसाला रागाच्या भरांत दुश्मन म्हणणारा ती रेघ ओलांडतो, आणि परत येण्याची वाट पुष्कळदां त्याला सांपडत नाहीं.

आखाड्यांतले आणि सभेंतले शब्द

आतां अशा ठिकाणीं जाऊं, जेथें स्पर्धा हाच धर्म आहे. कुस्तीच्या फडांत समोरच्या मल्लाला काय म्हणतात? जोड. मल्लाला ‘जोड मिळाली’ म्हणजे त्याच्याशीं लढण्यास योग्य असा दुसरा मल्ल मिळाला. पति-पत्नीची जोडी, बैलांची जोडी, पादत्राणांचा जोड, आणि कुस्तीची जोड, सर्वत्र एकच धातु. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं बांधविलेलें खासबागेचें मैदान १९१२ सालीं खुलें झालें. तेव्हांपासून आजवर तेथें ज्या नामांकित कुस्त्या झाल्या त्यांच्या आठवणी सांगतांना जाणते लोक एकट्या विजयी मल्लाचें नांव घेत नाहींत, दोन नांवें एकत्र घेतात. जोड लावतांना वजन, वय आणि तयारी पाहावी लागते. विषम जोड लावणें हा लढणाऱ्याचा दोष नव्हे, लावणाऱ्याचा दोष मानतात. ज्याला तोडीस तोड मिळाली नाहीं त्याच्या अंगचें बळ किती होतें हें लोकांना कळत नाहीं आणि त्याला स्वतःलाहि कळत नाहीं.

मुलांच्या खेळांतला भिडू हा शब्दहि असाच मनोरंजक आहे. तो भिडणें या क्रियापदाच्या कुळांतला दिसतो. भिडणें म्हणजे जाऊन चिकटणें, आणि भिडणें म्हणजे तुटून पडणेंहि. भिंतीला भिंत भिडते आणि सैन्याला सैन्यहि भिडतें. भिडू मात्र आपल्या बाजूचा गडी! एकाच क्रियापदानें आलिंगन आणि आक्रमण या दोन्हींचें काम करावें, ही मराठीची मौज आहे.

‘प्रति’ या उपसर्गाची करामतहि पाहण्यासारखी आहे. प्रतिपक्षी, प्रतिवादी, प्रतिमल्ल यांत तो विरोध दाखवितो. प्रतिमा, प्रतिबिंब, प्रतिध्वनि यांत तो सादृश्य दाखवितो. नेताजी पालकरास ‘प्रतिशिवाजी’ म्हणत, तें ते शिवाजी महाराजांच्या विरुद्ध होते म्हणून नव्हे, तर त्यांच्या तोलाचे मानले जात म्हणून. सातारा भागांत क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखालीं १९४२ नंतर जें प्रतिसरकार चाललें, त्यांतील ‘प्रति’ मात्र दोन्ही अर्थ एकदम सांगतो: सरकारच्या विरुद्ध आणि सरकारसारखें. प्रतिस्पर्धी या शब्दांतहि हे दोन्ही अर्थ लपलेले आहेत. आरशांतलें प्रतिबिंब आपल्या समोर तोंड करून उभें असतें. तें आपल्यासारखें असतें म्हणूनच आपल्या समोर असतें.

सभेच्या शब्दांत ‘पूर्वपक्ष’ हा माझ्या मतें सर्वांत थोर शब्द. आपल्या शास्त्रग्रंथांत स्वतःचा सिद्धांत मांडण्यापूर्वीं विरुद्ध मत आधीं मांडण्याची रीत आहे, आणि तें होईल तितकें बळकट करून मांडावें अशी अपेक्षा आहे. दुबळा पूर्वपक्ष उभा करून तो पाडणारा पंडित विद्वानांच्या सभेंत हास्यास्पद होतो. न्यायशास्त्रानें वादाचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य कळावें म्हणून करावयाचा तो वाद, केवळ जिंकण्यासाठीं करावयाचा तो जल्प, आणि स्वतःचें कांहींच न मांडतां दुसऱ्याचें तेवढें खोडावयाचें ती वितंडा. शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांच्या वादाची जी कथा परंपरेनें चालत आली आहे, तींत निवाडा करावयास मंडनमिश्रांची पत्नी उभयभारती बसली होती. प्रतिपक्ष्याच्या पत्नीला न्यायाधीश म्हणून मान्य करणें, याहून प्रतिपक्ष्याचा मोठा सन्मान कोणता?

इंग्लंडांत १८२६ सालीं पार्लमेंटांतील एका सभासदानें सरकारविरुद्ध बसणाऱ्यांना महाराजांचाच विरोधी पक्ष असें म्हटलें, तेव्हां प्रथम हंशा पिकला. पुढें तोच राज्यघटनेचा संकेत होऊन बसला. आपल्याकडे १९७७ सालच्या कायद्यानें संसदेंतील विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरींतून वेतन मिळूं लागलें. आपल्यावर टीका करणाऱ्याचा खर्च राज्यानेंच सोसावा, ही गोष्ट वरवर पाहतां विचित्र वाटते. परंतु ज्यांनीं पूर्वपक्षाची परंपरा सांभाळली त्यांना ती विचित्र वाटूं नये. आमच्या शाहिरांच्या कलगीवाल्यांना आणि तुरेवाल्यांना हें मर्म ठाऊक होतें. एकानें सवाल टाकल्यावांचून दुसऱ्याच्या जवाबाला अर्थ नव्हता. रात्रभर एकमेकांना पेंचांत पकडावयाचें, आणि तरीहि दोघांचें नांव जोडूनच घेतलें जावयाचें, कलगी-तुरा!

मनांतले शब्द

माणसांचीं नांवें झालीं. आतां त्यांच्या मनांत काय चालतें त्याचे शब्द. येथें आपली भाषा फार बारकाईनें पाहते. दुसऱ्याचें बरें झालेलें सोसवत नाहीं तो मत्सर, आणि त्याची गणना षड्रिपूंत होते. दुसऱ्याच्या गुणांनाच दोष म्हणून दाखविणें ती असूया. अमक्याला पहिला क्रमांक मिळाला ऐकून जीव जळला तर तो मत्सर; ‘पाठांतर बरें आहे त्याचें, पण अक्कल नाहीं’ असें जो म्हणाला त्याला असूया झाली. ‘मी, मी’ असें सगळ्यांनीं एकदम म्हणणें ती अहमहमिका. चढाओढ या शब्दाचे दोन तुकडे केले तर एक वर चढतो आहे आणि दुसरा ओढतो आहे असें चित्र डोळ्यांपुढें येतें. ओढणारा स्वतःला वर ओढतो आहे कीं चढणाऱ्याला खालीं, हें शब्दानें सांगितलेलें नाहीं. तें ज्याच्या त्याच्या शीलावर सोंपविलें आहे.

ईर्ष्या या शब्दाचें मात्र मराठीनें सोनें केलें आहे. संस्कृतांत त्याचा अर्थ केवळ जळफळाट. मराठींत ‘ईर्षेनें अभ्यास केला’, ‘ईर्षेला पेटला’ असें आपण म्हणतों, तेव्हां त्यांत दुसऱ्याचें वाईट चिंतण्याचा भाग जवळजवळ उरत नाहीं. जिद्द तेवढी उरते. विषाचें औषध करावें तसें हें झालें. शर्यत हा शब्दहि अरबी ‘शर्त’ म्हणजे अट यापासून निघालेला, आणि पैज ही संस्कृत प्रतिज्ञेची लेक. दोन्ही शब्द एकच गोष्ट सांगतात: अट आधीं ठरली पाहिजे आणि ती दोघांनाहि मान्य असली पाहिजे. जेथें अट नाहीं तेथें शर्यत नाहीं, नुसती धांवाधांव आहे.

घरांत कोणता शब्द वापरावा?

आतां या सर्व शब्दांना घेऊन घरीं परत यावें. प्रवेशपरीक्षांच्या निकालाच्या दिवशीं कित्येक घरांत काय चालतें तें सर्वांनाच ठाऊक आहे. एकाच घरांत वाढलेलीं दोन चुलत भावंडें, एकाच वर्षीं एकाच परीक्षेला बसलेलीं. एकाच्या नांवाचे पेढे वांटले जातात आणि दुसरें आपल्या खोलीचें दार लोटून बसतें. त्या दिवशीं घरांतलें वडील माणूस सहज बोलून जातें, ‘त्याच्याकडे पाहा, म्हणजे कळेल.’ तें वाक्य बोलणाऱ्याच्या लक्षांतून संध्याकाळपर्यंत जातें. ज्याला उद्देशून तें बोललें गेलें त्याच्या मनांत तें बीस वर्षें राहतें, आणि वाड्याची वांटणी होते त्या दिवशीं निराळ्याच भाषेंत बाहेर पडतें. पाणिनीनें सांगितलेला तो स्वर अशाच एखाद्या संध्याकाळीं बदललेला असतो.

याचा अर्थ घरांत स्पर्धाच नसावी असा नव्हे. स्पर्धेवांचून वाढलेलें मूल जगांत उघडें पडतें, आणि ईर्षेवांचून कोणतीहि विद्या येत नाहीं. प्रश्न एवढाच, कीं त्या दोघांना आपण एकमेकांचे भ्रातृव्य करतों कीं जोड. जोड लावावयाची तर वस्तादासारखी डोळसपणानें लावली पाहिजे. ज्याचा कल गणिताकडे आहे त्याला चित्रकलेंत रमणाऱ्या भावंडाशीं तोलून पाहणें ही विषम जोड होय, आणि तिच्या निकालाचा दोष लावणाऱ्याकडे जातो. शर्यत लावावयाची तर अट दोघांनाहि आधीं माहीत असली पाहिजे. धांवून झाल्यावर अंतर मोजणें हा न्याय नव्हे. एकाची तक्रार दुसऱ्याविरुद्ध आली तर तक्रार करणाऱ्यालाच सांगावें, आधीं त्याचा पूर्वपक्ष नीट मांडून दाखव. पुष्कळ भांडणें तेवढ्यानेंच विरून जातात, असा अनुभव पुष्कळ आजोबांच्या आणि आज्यांच्या पदरीं असेल.

आणि पाट समाईक आहे हें कोणीं विसरूं नये. वाडा विकला जाईल, जमीन वांटली जाईल, मुलें दूरदेशीं जाऊन चार ठिकाणीं स्थायिक होतील. तरी आजारपणाच्या वेळीं, लग्नकार्यांत आणि सुतकांत ज्यांना निरोप पाठवावा लागतो तीं माणसें हींच राहतात. पाणी एका पाटाचें आहे तोंवर पाळी ठरविणें आणि पाट फुटला तर एकत्र धांवणें, या दोन्ही गोष्टी करणें प्राप्त आहे. त्या दोन्ही ज्या घरांत होतात, त्या घरांतल्या मुलांना ‘भाऊबंदकी’ हा शब्द कोशांत पाहावा लागेल. आणि तेथें त्याचा जो अर्थ दिला आहे तो वाचून त्यांना नवल वाटेल.